मी येऊन गेलो

गेल्या गणपतीत आपल्या मंडळाची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि खुर्च्या उचलायच्या वेळेला एक मुलगी माझ्याजवळ आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "दादा, मी मार्चमध्ये एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाणार आहे. तुम्ही पण गेला होता ना? काय काय घेऊन जाऊ?"

मी तिला यादी सांगितली. लहान कुकर, हिंग, जाड मोजे, कागदपत्रांच्या चार-चार झेरॉक्स. ती मोबाईलमध्ये टिपून घेत होती. घरी आल्यावर वाटलं, खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहितोय. तिच्यासाठी, आणि आपल्या घरांतून पुढे जी मुलं जातील त्यांच्यासाठी.

मी २०११च्या सप्टेंबरात गेलो. बी.ई.चं शेवटचं वर्ष, कॉम्प्युटर शाखा. आमच्या कॉलेजची आणि कार्ल्सरुहच्या विद्यापीठाची कसलीशी ओळख होती, त्यातून दोन जागा निघाल्या. दुसऱ्या मुलाचा व्हिसा वेळेवर झाला नाही, म्हणून मी एकटाच गेलो. युरो तेव्हा साधारण ६५ रुपयांच्या आसपास होता. बाबांनी पीएफमधून पैसे काढले होते. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या घरात गोष्टी न सांगताच कळतात. त्यामुळे पहिले दोन महिने मी प्रत्येक वस्तूला ६५नं गुणत होतो. कॉफी घ्यायची म्हटलं तरी डोळ्यांसमोर बाबांचं पासबुक यायचं. पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकली की २५ सेंट मिळतात, हे कळलं त्या दिवशी मी खोलीतल्या सगळ्या बाटल्या गोळा करून नेल्या.

कार्ल्सरुह हे आपल्या बडोद्याच्या मानाने नवं शहर. १७१५ साली तिथल्या राजाने राजवाडा बांधायला घेतला आणि राजवाड्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे ३२ रस्ते आखले. विद्यापीठ राजवाड्याला लागूनच आहे. हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या त्या इथेच. आणि जर्मनीत इंटरनेटवरून पहिली ई-मेल आली तीही इथेच, ३ ऑगस्ट १९८४ला. कॉम्प्युटरच्या मुलाला याहून मोठं तीर्थस्थान काय पाहिजे!

अभ्यासाची पद्धत समजायला वेळ लागला. वेळापत्रकात दहाचा तास असला तरी तो सव्वादहाला सुरू व्हायचा. ती पंधरा मिनिटं तिथल्या विद्यापीठांत परंपरेने दिलेली असतात. मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी रिकाम्या वर्गात घाबरून बसलो होतो. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, सर काही चुकले की काय. मार्कांचंही उलटं. १.० म्हणजे सगळ्यात चांगले, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मी घरी "मला १.७ मिळाले" असं सांगितलं तेव्हा आई बराच वेळ काही बोललीच नाही.

पण आमच्याकडे आणि तिथे खरा फरक होता तो फायलींचा. आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या फायली एकाच्या बघून दुसरा लिहितो, त्याच्या बघून तिसरा. तिथे फाईल नावाची वस्तूच नाही. दर आठवड्याला सोडवायला एक कागद मिळतो आणि दोघादोघांच्या जोडीने तो फळ्यापाशी जाऊन समजावून सांगावा लागतो. उत्तर चुकलं तरी चालतं, पण हे असंच का केलं, ते सांगता आलं पाहिजे. पहिल्या महिन्यात मला एकदाही नीट सांगता आलं नाही. डिसेंबरपर्यंत यायला लागलं. आज नोकरीत दुसऱ्याचा प्रोग्रॅम तपासायला बसलो की मी जे प्रश्न विचारतो, ते सगळे त्या फळ्यापाशी शिकलेले आहेत.

आता मूळ गोष्ट.

विद्यापीठात मला तीन मराठी मुलं भेटली. तिघंही पूर्ण एम.एस. करायला आलेली, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. दोन पुण्याची. तिसराही पुण्यातल्याच कॉलेजातून आलेला, म्हणून तोही पुण्याचाच असं मी धरून चाललो होतो. परक्या गावात मराठी कानावर पडली की काय वाटतं, ते मी वेगळं सांगायला नको. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सिमकार्ड घेऊन दिलं, नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायला बरोबर आले, तुर्की दुकानात वांगी, भेंडी आणि कोथिंबीर कुठे मिळते ते दाखवलं. माणसं चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो.

दिवाळी झाली आणि त्या रविवारी आम्ही हायडेलबर्गला जायचं ठरवलं. पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालतं, स्वस्त पडतं. सकाळी नऊला स्टेशनवर भेटायचं होतं. तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या दिवशी पहाटे युरोपात घड्याळं एक तास मागे करतात. माझ्या साध्या फोनने काही ती केली नाहीत, आणि मला ते माहीत नव्हतं. मी माझ्या नऊला, म्हणजे तिथल्या आठला, स्टेशनच्या पुढच्या दारात हजर. कोणीच नाही. दहा मिनिटं थांबून मी मेसेज टाकला, "मी येऊन गेलो."

आपल्या घरात याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला माहीत आहे. "आवी गयो." मी पोचलो, उभा आहे, या लवकर. पण पुणेरी मराठीत "येऊन गेलो" म्हणजे आलो आणि निघूनही गेलो! त्यांनी आठ वाजून दहा मिनिटांचा मेसेज पाहिला आणि समजले की हा तासभर आधी आला, कोणी दिसलं नाही म्हणून रागावून घरी गेला. फोन लावला तर माझ्या फोनची बॅटरी तोवर संपलेली. ते स्टेशनच्या मागच्या दाराने आले आणि गाडीत बसले. मी पुढच्या दारात साडेदहापर्यंत थंडीत उभा राहून परत फिरलो.

सोमवारी मेसमध्ये उलगडा झाला. तिघंही पोट धरून हसले. मीही हसलो. पण ते तिथे थांबलं नाही. "काय रे, येऊन गेलास का?" हे माझं नावच पडलं. मग माझं बाकीचं बोलणंही उचललं जायला लागलं. मी खिडकीला "बारी" म्हणतो. जिन्याला "दादर" म्हणतो, तर "दादर? म्हणजे मुंबईला जायचंय का?" काही हरकत नाही म्हणायचं असलं की माझ्या तोंडून "वांधा नाही" निघतं. पुस्तकाला "चोपडी" म्हटलं त्या दिवशी तर त्यांच्यातल्या एकाने ते शेजारच्या टेबलावर जाऊन सांगितलं. नवीन कोणी भेटलं की ओळख व्हायची, "हा आमचा गुजराती मराठी. बोल रे, जरा बोलून दाखव."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बडोद्याला शाळेत आम्ही "दक्षिणी" होतो. वर्गातली गुजराती मुलं चिडवायची तेव्हा मनात एक आधार असायचा, की आपलं खरं गाव तिकडे आहे, तिकडे आपल्याला कोणी हसणार नाही. आता तिकडचीच माणसं हसत होती. एका संध्याकाळी कोणीतरी विचारलं, "तू नक्की मराठी का गुजराती?" मी म्हणालो, "गुजराती समज." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागलो. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. पुढचे तीन आठवडे मी रविवारचा घरचा फोन सोडला तर मराठीचा एक शब्द बोललो नाही, आणि मला वाटायचं, किती सोपं आहे हे.

मी राहायचो डुरलाखला. कार्ल्सरुहचाच भाग, पण त्याच्याहून जुनं गाव. ट्रॅमने विद्यापीठाला जायचं. सत्तरीपुढच्या एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली होती. बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि माझं जर्मन म्हणजे बडोद्यात बारा आठवड्यांच्या क्लासमध्ये शिकलेलं. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, रविवारी मशीन लावायचं नाही, खोलीची हवा बदलण्यासाठी थंडीतसुद्धा दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडायची, एवढंच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी मला वांगं भाजल्याचा वास आला. पहिल्यांदा वाटलं, भास झाला. मग दादर उतरून खाली गेलो. बाई गॅसवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर वांगी भाजत होत्या. साल काढून त्यांनी ती लाकडी सुरीने ठेचली, त्यात कच्चा कांदा, मीठ आणि तेल घातलं. भरीतच की हो! मिरची आणि कोथिंबीर तेवढी नव्हती. मी तसाच उभा राहिलेला पाहून त्यांनी पावावर घालून मला दिलं आणि नाव सांगितलं, "विनेते."

हा शब्द माझ्या शब्दकोशात सापडेना. त्या हसल्या. म्हणाल्या, तो जर्मन नाहीच, रुमानियन आहे. आम्ही तिकडचे.

मग पुढच्या दोन-तीन रविवारांत, शब्दकोश मध्ये ठेवून, मला त्यांची गोष्ट कळली. आताच्या रुमानियाच्या पश्चिमेला बनात नावाचा मुलूख आहे. १७१८ साली तो तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे आला. युद्धाने ओस पडलेल्या त्या मुलखात शेती करायला बादशहाने जर्मन कुटुंबं बोलावली. ती उल्म शहरातून होड्यांत बसून डॅन्यूब नदीने खाली गेली आणि तिथेच राहिली. सव्वादोनशे-अडीचशे वर्षं. गावं जर्मन, शाळा जर्मन, घरात जर्मन. आजूबाजूला रुमानियन, हंगेरियन, सर्बियन. बाईंना यांतल्या तीन भाषा येत होत्या.

मी मनात हिशोब केला. पिलाजीराव गायकवाड गुजरातेत आले ते १७२०च्या सुमारास. बडोदं गायकवाडांकडे कायमचं आलं १७३४ साली. म्हणजे त्यांचे लोक नदीने खाली जात होते त्याच काळात आपले लोक घोड्यांवरून तापी ओलांडत होते. मी त्यांना कागदावर नकाशा काढून दाखवला. हे महाराष्ट्र, हे बडोदं, हे आम्ही. त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला आणि विचारलं, "मग तिकडचे लोक तुमच्या बोलण्याला हसतात का?"

मी काही न सांगता त्यांनी हे विचारलं.

त्या नवऱ्याबरोबर आणि लहान मुलाला घेऊन १९८०च्या सुमारास जर्मनीत आल्या. त्या काळी रुमानियाचं सरकार जर्मन वंशाच्या लोकांना सोडायला पश्चिम जर्मनीकडून माणशी पैसे घेत असे. आल्यावर पहिल्या आठवड्यात त्या बाजारात गेल्या आणि मक्याची कणसं मागितली. मक्याला जर्मनीत "माइस" म्हणतात, यांच्याकडे "कुकुरुत्स". टोमॅटोला यांच्याकडे "पाराडाइस". भाजीवाला कौतुकाने म्हणाला, "रुमानियाच्या असून जर्मन छान बोलता हं तुम्ही!" तिकडे सगळे त्यांना जर्मन म्हणून ओळखायचे, आणि इकडे येताच त्या रुमानियन झाल्या. शाळेत मुलाला चिडवलं तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं की आता घरातसुद्धा पुस्तकी जर्मनच बोलायची. मुलगा हुशार, पटकन शिकला. आता स्टुटगार्टला मोठ्या नोकरीत आहे, दर महिन्याला येतो, आईला जपतो. पण "कुकुरुत्स" म्हटलं की त्याला हसू येतं. नवरा गेल्यापासून ती बोली बोलायला त्यांच्याजवळ उरली होती एक बहीण, तीही दूर, बव्हेरियात. रविवारी सकाळी तिचा फोन आला की बाईंचा आवाज निराळाच लागायचा, ते मी वरच्या खोलीतून कितीदा ऐकलं होतं. मला वाटायचं, त्या परकी भाषा बोलतायत.

"कोणी आम्हाला बंदी केली नव्हती," त्या म्हणाल्या. "आम्हीच बंद केलं. दोन-तीन वर्षांत संपलं."

मला तीन आठवडे झाले होते.

त्या संध्याकाळी मी घरी स्काइप लावला आणि आजीला सगळं सांगितलं, अगदी "येऊन गेलो"पासून. आजी साताऱ्याकडची, लग्न होऊन बडोद्याला आलेली. ती खळखळून हसली. म्हणाली, "अरे, मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा 'खिडकी लावा' म्हटलं तर तुझ्या पणजीच्या घरातल्या सगळ्या बायका मला हसल्या होत्या. म्हणे, कुठली गावंढळ, बारीला खिडकी म्हणते! मी दोन दिवस रडले आणि मग बारी म्हणायला लागले. पण मनातल्या मनात खिडकीच म्हणते बरं का, अजून."

मी तिच्याकडून शब्द विचारून घ्यायला लागलो. कोणते साताऱ्याचे, कोणते दांडिया बाजारातले, कोणते गुजरातीतून आलेले. वहीची चार पानं भरली. याआधी कित्येक वर्षं आजी मराठीत विचारायची आणि मी तिला हिंदी-गुजराती-इंग्रजीच्या मिसळीत उत्तर द्यायचो. तिने कधी तक्रार केली नव्हती.

उत्तरायणाला, १४ जानेवारीच्या शनिवारी, मी त्या तिघांना जेवायला बोलावलं. मराठीत बोलावलं. बाईंच्या स्वयंपाकघरात भरीत केलं, खरं भरीत, मिरची-कोथिंबिरीचं, आणि खिचडी. दार उघडल्या उघडल्या एकजण म्हणालाच, "काय, येऊन गेलो आम्ही!" मी म्हणालो, "बसा. आमच्याकडे याला आलात असं म्हणतात, आणि आमच्याकडे हे तीनशे वर्षं चाललंय." मग बनातची आणि बडोद्याची गोष्ट सांगितली. मला नीट सांगता आली की नाही, कोण जाणे. दोघं ऐकत होते. तिसरा मात्र खाली मान घालून भरीत खात होता. जरा वेळाने तो म्हणाला, "मी पुण्याचा नाहीये रे. सोलापूरचा. अकरावीला पुण्यात आलो तेव्हा 'काय करलालास' म्हटलं म्हणून वर्गात वर्षभर हसले मला. मग सोडून दिलं. आईशी फोनवर बोलताना मी खोलीचं दार लावून घेतो."

त्याच्याबरोबर दोन वर्षं राहणाऱ्या बाकीच्या दोघांनाही हे माहीत नव्हतं. कोणी काही बोललं नाही. मग त्यांच्यातल्याच एकाने, "अजून भरीत देलालास का?" असं काहीतरी विचारलं. ते चुकीचं होतं, असं सोलापूरकर म्हणाला, आणि मग तो ते कसं म्हणायचं हे शिकवायला बसला. चिडवणं पुढेही चालू राहिलं, पण आता चौघं एकमेकांना चिडवत होतो.

फेब्रुवारीत परीक्षा झाल्या. एक विषय तोंडी होता. प्राध्यापक समोर बसून अर्धा तास विचारतात. पास झालो. निघताना बाईंनी ती लाकडी सुरी मला दिली. भारतात लाकडाची सुरी मिळत नसेल, असं त्यांना वाटत होतं. पुढची तीन-चार वर्षं दिवाळीला मी त्यांना कार्ड पाठवायचो आणि नाताळात त्यांचं यायचं. मग त्यांच्या मुलाचं पत्र आलं. छापील, सरळ जर्मनमध्ये. त्यात एकच ओळ हाताने लिहिलेली होती. आई तुमच्या नकाशाबद्दल सांगायची, असं त्याने लिहिलं होतं.

आता जाणाऱ्या मुलांसाठी कामाच्या गोष्टी. तिथे कोणते विषय घेणार आणि इथे ते कोणत्या विषयांऐवजी धरले जाणार, हे निघण्याआधी लेखी सही-शिक्क्यानिशी घ्या. तोंडी "हो, हो, होऊन जाईल" यावर जाऊ नका. मी गेलो आणि परत आल्यावर एक विषय धरला गेला नाही, त्याची परीक्षा इथे पुन्हा द्यावी लागली. तिथल्या सेमिस्टरचे पूर्ण क्रेडिट ३० असतात. पहिल्यांदा जाताना तेवढे घेण्याचा हट्ट करू नका. एखादा विषय कमी घ्या आणि गाव बघा. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवा. ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बघा. आता फोन ते आपोआप करतात, तरी बघा.

आणि तिथे महाराष्ट्रातली मुलं भेटतील. तुमच्या बोलण्याला हसतील. हसू द्या. तुम्हीही त्यांच्या बोलण्याला हसा, हवं तर. पण हिंदीत जाऊ नका. तीन आठवड्यांत किती सवय लागते ते मी पाहिलंय.

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. दुपारी शाळेची रिक्षा दारात थांबली की खालून ओरडते, "बाबा, मी येऊन गेले!" तिचा मामा पुण्याहून आला होता, तो तिला म्हणाला, "येऊन गेले नाही गं, आले म्हण." तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामाकडे गेलीस की आले म्हणायचं. इथे दोन्ही चालतं, वांधा नाही."